मर्यादित किराणा खर्चात पाच जणांचे पोषण कसे सांभाळावे?

ओंजळ

नमस्कार. आमच्या घरात आम्ही पाच जण आहोत : मी, माझे यजमान, सासूबाई, अकरा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. गेल्या पाच महिन्यांपासून घरात एकच मिळकत येते. भाडे, शाळेची फी, औषधे आणि प्रवास या खर्चांना हात लावता येत नसल्यामुळे जी काही ओढाताण व्हायची ती शेवटी किराण्यातच होते. पूर्वी खाण्यापिण्यासाठी जेवढी रक्कम मी बाजूला काढत असे, तिच्या दोनतृतीयांश रकमेत आता महिना काढावा लागतो.

आतापर्यंत मी काय केले ते प्रामाणिकपणे लिहिते, कारण त्याशिवाय कोणाला नेमका सल्ला देता येणार नाही. धान्य पूर्वीइतकेच आहे, म्हणजे पाच जणांत मिळून रोजचे सुमारे दीड किलो. डाळी आणि कडधान्ये मिळून पूर्वी रोज पाव किलो लागत असत, ती मी शंभर ग्रॅमवर आणली आहेत. दूध एक लिटरचे अर्धा लिटर केले, आणि धाकट्याचा पेला भरलेला दिसावा म्हणून त्यात थोडे पाणी घालते. अंडी बंद केली. भाजी आठवड्यातून तीन दिवस असते, उरलेल्या दिवशी बटाटे आणि कांदे यांवर भागवते. बिस्किटे मात्र बंद करता आली नाहीत, कारण मुले शाळेतून येतात तेव्हा घरात दुसरे काही तयार नसते.

कोणी उपाशी झोपत नाही, पोट सर्वांचे भरते. परंतु मुलगी अलीकडे लवकर थकते, आणि सासूबाईंनी दूध घेणे स्वतःहून सोडून दिले आहे. विचारले तर आवडत नाही असे सांगतात. पैसे वाचवताना नको त्या ठिकाणी कात्री लागली आहे, अशी शंका मला रोज रात्री भांडी आवरताना येते. कोणत्या गोष्टींना अजिबात हात लावू नये, आणि एखादी वस्तू खरोखर स्वस्त आहे की केवळ तिचा दर कमी दिसतो हे कसे ओळखावे, या दोन प्रश्नांवर जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुनी वही

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यावर मी अनेक वर्षे वह्या भरल्या आहेत. त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. १८५७ मध्ये एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने कुटुंबांच्या खर्चाचे हिशेब तपासून असे मांडले की उत्पन्न जितके कमी, तितका त्यातील अन्नावर खर्च होणारा हिस्सा मोठा असतो. मिळकत घटल्यावर किराण्याचा आकडा डोळ्यांवर येतो तो यामुळेच. तुमच्या कारभारात काही चूक झाली आहे असा त्याचा अर्थ काढू नका.

माझा पहिला आग्रह असा की पुढचे दोन आठवडे कोणतीही नवी कपात करू नये आणि केवळ नोंद ठेवावी. काय आणले आणि काय शिजले एवढेच नव्हे, तर काय टाकले हेही वजन करून लिहावे. घरात वजनकाटा नसेल तर वाटी हेच माप धरावे. पहिल्या वर्षी माझ्या स्वतःच्या नोंदीत असे निघाले की मी ज्या पालेभाज्या स्वस्त मिळाल्या म्हणून दोन-दोन जुड्या आणत असे, त्यांतील जवळजवळ एक जुडी पिवळी पडून केरात जात होती, म्हणजे स्वस्त भाजी मला दुप्पट दराने पडत होती. ज्या घरात आधीच काटकसर आहे तेथेही भाताचा तळाशी राहिलेला थर, मुलाने अर्धवट सोडलेले ताट आणि टोपलीच्या तळाला मऊ पडलेले टोमॅटो यांची बेरीज आठवड्याच्या अखेरीस अनेकदा एका पूर्ण जेवणाइतकी भरते. ही बचत कोणाच्याही घासातून काढावी लागत नाही, म्हणून तिचा विचार सर्वांत आधी करावा.

आता दराविषयी. बाजारात दर मिळतो तो वजनाचा, आणि आपण खातो तो त्यातला खाण्याजोगा भाग. ओल्या वाटाण्याच्या शेंगा सोलल्यावर निम्म्याहून अधिक वजन टरफलांत जाते, केळ्याच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा साल असते. याउलट कोबी, गाजर, तांबडा भोपळा यांत वाया जाणारा भाग फार थोडा असतो. म्हणून एखाद्या भाजीच्या किलोतून अर्धाच किलो पातेल्यात पडत असेल, तर तिचा खरा दर पाटीवरील दराच्या दुप्पट आहे असे समजावे. कडधान्याचे गणित याच्या उलट दिशेने चालते. एक किलो कोरडे कडधान्य भिजून शिजले की सव्वादोन ते अडीच किलो भरते, त्यामुळे शिजवलेल्या, डबाबंद मिळणाऱ्या कडधान्याशी त्याच्या दराची तुलना करताना कोरड्याचा दर आधी अडीचने भागून घ्यावा. हे एकदा केले की पुढे ते डोक्यात आपोआप होऊ लागते.

मोठा पुडा नेहमी फायद्याचा असतो असे मानू नका. शंभर ग्रॅममागे तो स्वस्त असेलही, परंतु महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच हातातली निम्मी रक्कम त्यात अडकली, तर चौथ्या आठवड्यात भाजीला पैसे राहत नाहीत. धान्य, डाळ आणि मीठ यांच्या बाबतीत मोठे माप परवडते, कारण घरात जास्त आहे म्हणून ते कोणी जास्त खात नाही. तेल, साखर आणि बिस्किटे यांच्या बाबतीत मात्र डबा मोठा असला की हातही सैल सुटतो, हा माझा अनुभव आहे. मी कोरडा शिधा महिन्याच्या सुरुवातीला भरतो आणि भाजी, फळे, दूध व अंडी यांचे पैसे चार पाकिटांत वेगवेगळे ठेवतो. पहिल्या आठवड्याचे पाकीट संपले तरी दुसऱ्यात हात घालायचा नाही, एवढा एकच नियम पाळला तरी महिनाअखेरची ती बटाट्या-कांद्याची रांग पुष्कळ कमी होते.

सकस

मी पोषणशास्त्र शिकवते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देते, आणि तुम्ही स्पष्ट आकडे लिहिलेत याबद्दल आभार मानते, कारण त्यामुळे अंदाजाने बोलावे लागत नाही.

प्रौढ व्यक्तीला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली जातात. तुमच्या मुलांच्या वयात हे प्रमाण ०.९ ग्रॅमच्या आसपास असते. तुम्हा तिघा मोठ्यांची वजने ५५, ६५ आणि ५०, तर मुलांची ३२ आणि १५ किलो असावीत असे गृहीत धरले, तर संपूर्ण घराची रोजची गरज सुमारे १८५ ग्रॅम येते. आता ताटात काय आहे ते पाहू. दीड किलो धान्यातून, दर शंभर ग्रॅमला सरासरी दहा ग्रॅम धरून, दीडशे ग्रॅम प्रथिने मिळतात. शंभर ग्रॅम डाळीतून बावीस, आणि अर्धा लिटर दुधातून सोळा. बेरीज १८८. कागदावर पाहणाऱ्याला वाटेल की सर्व काही ठीक आहे.

ते ठीक नाही, आणि का नाही हे समजून घेतले तर पुढचा मार्ग सोपा होतो. धान्यातील प्रथिनांमध्ये लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिने ज्यांची बनतात त्यांतला एक घटक, कमी असते, त्यामुळे केवळ धान्यावर बेरीज जुळवली तरी शरीराला त्या प्रथिनांचा पूर्ण उपयोग करता येत नाही. वाढत्या मुलांच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. डाळी आणि कडधान्यांत लायसिन भरपूर असते आणि मिथिओनिन हे दुसरे अमिनो आम्ल कमी, तर धान्यात नेमके उलट. दोन्ही एकत्र आली की एकमेकांची उणीव भरून निघते. ती एकाच घासात एकत्र यायला हवीत असे नाही, दिवसभरात आली तरी चालतात. म्हणजे तुम्ही पाव किलोवरून शंभर ग्रॅमवर आणलेली डाळ हीच ती जागा आहे जेथे कात्री लागायला नको होती.

ती परत पाव किलोवर न्यायची तर पैसे कोठून आणायचे, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. येथे मला असे सुचवायचे आहे की डाळ धान्याच्या वर जास्तीची म्हणून वाढवू नका, धान्याच्या जागी वाढवा. कोरडे धान्य आणि कोरडी डाळ यांतून मिळणारी ऊर्जा जवळजवळ सारखी असते, शंभर ग्रॅमला सुमारे साडेतीनशे कॅलरी. म्हणून रोज दीडशे ग्रॅम धान्य कमी करून तेवढीच डाळ घेतली, तर पोट तितकेच भरेल, प्रथिने नक्त अठरा ग्रॅमने वाढतील आणि लायसिनची उणीव बरीचशी मिटेल. खर्चात भर पडेल ती दीडशे ग्रॅम डाळ आणि दीडशे ग्रॅम धान्य यांच्या किमतींतील फरकाइतकीच. बिस्किटांवर होणारा खर्च थोडा कमी झाला तरी हा फरक निघून यावा, असा माझा अंदाज आहे.

केवळ कॅलरींच्या हिशेबाने स्वस्त-महाग ठरवण्याचा मोह मात्र आवर्जून टाळा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्बर ॲटवॉटर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने एका नाण्यात किती प्रथिने आणि किती ऊर्जा मिळते याची कोष्टके तयार केली. कष्टकरी कुटुंबांना पैशाचे मोल मिळावे हा त्यामागचा हेतू अत्यंत चांगला होता. परंतु त्या कोष्टकांत भाज्या आणि फळे महागडी, जवळजवळ चैनीची ठरत, कारण जीवनसत्त्वांचा शोध तोवर लागलेला नव्हता. ते नावच कासिमिर फुंक यांनी १९१२ मध्ये सुचवले. आजही नुसत्या ऊर्जेचा हिशेब मांडला तर तेल, साखर आणि पीठ हेच जिंकतात आणि पालेभाजी हरते. तुमच्या घरातून भाजी चार दिवस नाहीशी झाली ती नकळत याच हिशेबाने.

जागतिक आरोग्य संघटना दहा वर्षांवरील प्रत्येकाला रोज किमान ४०० ग्रॅम, आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना किमान २५० ग्रॅम भाज्या व फळे सुचवते, आणि त्यात बटाटा धरत नाही. तुमच्या घरासाठी हे पावणेदोन किलोच्या वर जाते, आणि आजच्या परिस्थितीत ते रोज जमणार नाही हे मला दिसते. म्हणून क्रम ठरवू या. रोज एक तरी हिरवी पालेभाजी किंवा गाजर, तांबडा भोपळा यांसारखी गडद रंगाची भाजी, थोडी का होईना, आणि रोज काहीतरी आंबट ताजे, लिंबू असले तरी पुरे. त्या आंबटामागे कारण आहे. धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही, पण त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल तर शोषण चांगले होते. चहा आणि कॉफी याच्या उलट काम करतात, म्हणून जेवणाच्या आधी व नंतर तासभर त्या घेऊ नयेत. या बदलाला एक पैसाही लागत नाही. मुलगी लवकर थकते असे तुम्ही लिहिले आहे. अकराव्या वर्षी वाढ वेगाने होत असते आणि लोहाची गरजही वाढते, त्यामुळे तिचे हिमोग्लोबिन एकदा अवश्य तपासून घ्या, केवळ आहारावर विसंबून थांबू नका.

अंडी पूर्ण बंद करू नयेत असे माझे मत आहे, अर्थात ती तुमच्या घरात चालत असतील तर. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात, आणि ब-१२ हे जीवनसत्त्व प्राणिजन्य पदार्थांशिवाय नैसर्गिकरीत्या मिळत नाही. दूध अर्ध्यावर आलेले असताना अंडीही बंद करणे म्हणजे त्याची दोन्ही दारे लावून घेणे. आठवड्यातून तीन वेळा मुलांना आणि सासूबाईंना एकेक, असे जमले तरी पुष्कळ झाले.

ओंजळ

आपण दोघांनी इतका वेळ देऊन लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. धान्याच्या जागी डाळ हा विचार मला सुचलाच नव्हता. मी डाळ नेहमी वरचा खर्च म्हणूनच पाहत आले. अंडी आमच्याकडे सर्वांना चालतात.

दोन अडचणी आहेत. अख्खी कडधान्ये शिजायला फार वेळ लागतो, आणि इंधन हाही खर्चच आहे. मागच्या महिन्यात स्वस्त मिळालेले चवळीचे दाणे तासभर शिजवूनही कडक राहिले. शिवाय कडधान्ये रोज केली की सासूबाईंना आणि धाकट्याला पोटात वायू धरतो, म्हणून ते खाण्याचे टाळतात. आठवड्याचे एकदम शिजवून ठेवले तर चालेल का?

सामायिक चूल

मी एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम करतो आणि रोज साठ जणांसाठी कडधान्य शिजवतो, त्यामुळे या प्रश्नावर बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे असे वाटते.

तासभर शिजवूनही दाणा मऊ होत नाही तेव्हा बहुतेक वेळा दोष दाण्याच्या वयाचा असतो. उष्ण आणि दमट जागी वर्ष-दोन वर्षे पडून राहिलेला दाणा कितीही शिजवला तरी नीट फुटत नाही, आणि तो स्वस्तात मिळण्याचे कारणही अनेकदा हेच असते. दरात वाचलेले इंधनात जाते. नवीन ठिकाणाहून घेताना आधी पाव किलोच आणावे आणि शिजवून पाहावे. दुसरे कारण आंबट. टोमॅटो, लिंबाचा रस किंवा कोणतीही आंबट वस्तू सुरुवातीपासून घातली तर दाणा मऊ व्हायला वेळ लागतो. ती नेहमी दाणा शिजल्यावर घालावी. रात्रभर, म्हणजे आठ तासांच्या आसपास, भिजवलेला दाणा दाबपात्रात, म्हणजे कुकरमध्ये, फार थोड्या वेळात शिजतो, आणि पाण्याला दाब आला की आच मंद करायची, मोठ्या आचेने काम लवकर होत नाही, फक्त वाफ बाहेर जाते.

वायूचे कारण कडधान्यांतील काही शर्करा आहेत, ज्या आपल्या आतड्यात पचत नाहीत आणि पुढे तेथील जिवाणू त्यांवर वाढतात. भिजवलेले पाणी टाकून ताज्या पाण्यात शिजवले तर त्या बऱ्याच कमी होतात. सासूबाईंना आणि मुलाला आरंभी सालीशिवायच्या, फोडलेल्या डाळीच द्याव्यात. त्या भिजवल्या नाहीत तरी लवकर शिजतात आणि पोटाला हलक्या जातात. अख्खे कडधान्य दोन-तीन चमच्यांपासून सुरू करून तीन-चार आठवड्यांत वाढवत नेले तर पोट सरावते, असे मी दरवर्षी नव्याने राहायला येणाऱ्या मुलांच्या बाबतीत पाहतो.

राजम्याविषयी मात्र सावधगिरीने सांगतो. कच्च्या किंवा अर्धकच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असते, ज्यामुळे थोड्याशा दाण्यांनीही जोराच्या उलट्या होऊ शकतात. तो किमान पाच तास भिजवावा, पाणी टाकून द्यावे आणि ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटे खळखळ उकळवून मग पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवावा. इंधन वाचवण्यासाठी तो नुसता मंद आचेवर ठेवण्याचा प्रयोग कधीही करू नये.

आठवड्याचे एकदम शिजवावे का, तर माझे उत्तर नाही असे आहे. शीतपेटी (फ्रिज) असेल तर दोन-तीन दिवसांपुरते शिजवावे, तिच्या आतील तापमान पाच अंशांच्या खाली असावे, आणि शिजलेले अन्न दोन तासांच्या आत तिच्यात गेले पाहिजे. मोठ्या पातेल्यात ते मध्यभागी कित्येक तास कोमट राहते, म्हणून पसरट, उथळ भांड्यांत विभागून गार करावे. भाताच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी, कारण तांदळातील एका जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानंतरही जिवंत राहतात, बाहेर राहिलेल्या भातात ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेले एक विष पुन्हा तापवूनही जात नाही. उरलेले अन्न पुन्हा खाताना वाफा निघेपर्यंत आतपर्यंत तापवावे आणि तेवढेच तापवावे जेवढे संपणार आहे. शीतपेटी नसेल तर एका दिवसापुरतेच शिजवणे बरे. त्याऐवजी भिजवण्याचे वेळापत्रक ठरवा, इंधन त्यातच वाचते.

बिस्किटांच्या जागी मुलांसाठी सकाळी उकडून ठेवलेले हरभरे किंवा भाजलेले शेंगदाणे ठेवता येतील. आमच्याकडे मुले बाहेरून आली की जे पहिल्यांदा हाताला लागते तेच खातात. धाकट्याला अख्खे शेंगदाणे मात्र देऊ नका, घशात अडकण्याची भीती असते. त्याला कूट करून द्यावे.

शांत सांज

वर सर्वांनी उत्तम लिहिले आहे, परंतु मूळ प्रश्नातील एका गोष्टीवर अजून कोणी बोललेले नाही, म्हणून लिहिते आहे.

ताई, तुम्ही घरातल्या सर्वांचे खाणे सांगितले : मुलीचे, मुलाचे, सासूबाईंचे. स्वतः काय खाता हे कोठेही लिहिलेले नाही. माझ्या घरातही अशीच ओढगस्त असताना मी दोन वर्षे सर्वांच्या नंतर, पातेल्यात जे उरेल ते, जेवत होते, आणि उरत असे ते बहुधा धान्यच, कारण डाळ आणि भाजी वाढताना संपलेली असे. त्यात मी काही वेगळे करते आहे असे मला वाटतही नव्हते. नंतर जिना चढताना धाप लागू लागली, रक्त तपासले, तेव्हा लोह फारच खाली गेलेले निघाले, आणि त्यानंतरच्या औषधांवर जो खर्च झाला तो मी वाचवलेल्या डाळीच्या कितीतरी पट होता. खर्चापेक्षाही मला वाईट याचे वाटते की त्या काळात मुलांशी मी सतत चिडून बोलत असे, आणि तो स्वभाव नव्हता, तो थकवा होता.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की पाचही ताटे एकाच वेळी वाढावीत, आणि डाळ, भाजी व अंडे आधी पाच भागांत वाटून मगच धान्य वाढावे. धान्य कमी पडले तर ते पुन्हा करता येते. संपलेली डाळ कोणी पुन्हा शिजवत नाही. सासूबाईंनी दूध सोडले आहे त्यामागेही हेच असणार, असे मला राहून राहून वाटते. त्यांना विचारू नका, त्यांचा पेला भरून समोर ठेवा.

धाकट्याच्या दुधात पाणी घालणे कृपया आजच थांबवा. लहान मुलाचे पोट छोटे असते, ते पाण्याने भरले की खऱ्या अन्नाला जागा राहत नाही. पाऊण पेला असेल तर पाऊण पेलाच द्यावा, पण निर्भेळ द्यावा. त्याच्या डाळीवर चमचाभर तेल घालावे, म्हणजे थोड्या घासांत त्याला पुरेशी ऊर्जा मिळेल. दोन्ही मुलांची वजने आणि उंची दर महिन्याला एकाच तारखेला लिहून ठेवा. धाकट्याचे वजन दोन-तीन महिने एकाच जागी थांबलेले दिसले तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका. तुमच्या भागात शाळेतून जेवण किंवा कुटुंबांसाठी अन्नसाहाय्य मिळत असेल तर त्यासाठी नाव नोंदवताना संकोच करू नका. मी तो संकोच आठ महिने केला, आणि ते आठ महिने मुलांच्या ताटातून गेले.

ओंजळ

शांत सांज ताई, तुमचे उत्तर वाचून मी थोडा वेळ काहीच लिहू शकले नाही. तुम्ही म्हणता ते खरे आहे. मी सर्वांच्या नंतर जेवत होते, आणि डाळ मला बहुतेक दिवशी मिळत नव्हती. तोपर्यंत मी ते कधी मोजले नव्हते.

आज तीन आठवडे झाले, म्हणून काय झाले ते कळवते. वहीत टाकलेल्या अन्नासाठी वेगळा रकाना केला. पहिल्या आठवड्यात एक किलो नऊशे ग्रॅम निघाले, त्यात सर्वांत जास्त भात आणि पालेभाज्यांचे सडलेले देठ होते, तिसऱ्या आठवड्यात ते चारशे ग्रॅमवर आले. भात आता मापून शिजवते. डाळ पाव किलोवर परत नेली आणि तेवढे धान्य कमी केले. दोन दिवस यजमानांनी धान्य कमी वाटते असे म्हटले, नंतर कोणाच्या लक्षातही आले नाही. बिस्किटांचा एक पुडा आठवड्याला कमी झाला, संपूर्ण बंद करणे अजून जमलेले नाही. चार पाकिटांची पद्धत सुरू केली आहे. दुसऱ्या आठवड्याचे पाकीट एक दिवस आधीच संपले, आणि त्या दिवशी मोड आणून शिजवलेल्या कडधान्यावर भागवले. भाजी आता रोज असते, प्रमाण मात्र अजून तुम्ही सांगितलेल्याच्या निम्मेच आहे.

मुलीचे रक्त तपासले. हिमोग्लोबिन कमी निघाले, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत आणि माझीही तपासणी करायला सांगितले आहे, ती येत्या सोमवारी आहे. जेवणानंतरचा चहा आम्ही चार वाजेपर्यंत पुढे ढकलला.

सासूबाईंच्या समोर पेला नुसता ठेवला, काही बोलले नाही. पहिले दोन दिवस त्यांनी तो नातवाकडे सरकवला. तिसऱ्या दिवशी मुलीने तिचा स्वतःचा पेला उचलून त्यांच्या शेजारी बसून प्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनीही घेतला. पाचही ताटे आता एकदम वाढते, डाळ आधी.

सकस ताई, एक विचारायचे राहिले : लोहाची गोळी मुलीने जेवणासोबत घ्यावी की दोन जेवणांच्या मध्ये? डॉक्टरांना विचारायचे त्या गडबडीत राहून गेले.

सकस

रिकाम्या पोटी लोह अधिक चांगले शोषले जाते, म्हणून सहसा दोन जेवणांच्या मध्ये, लिंबूपाण्यासोबत घेतात. त्याने मळमळले किंवा पोट दुखले तर जेवणानंतर लगेच घेतलेली चालते. शोषण थोडे कमी होईल, पण मळमळीमुळे गोळी बंद पडण्यापेक्षा ते बरे. दूध किंवा चहा यांसोबत मात्र देऊ नका, गोळी आणि या दोन्हींत निदान दोन तासांचे अंतर ठेवा. शौचाचा रंग काळपट होईल, त्याने घाबरू नये, आणि हे तिलाही आधीच सांगून ठेवा. गोळ्यांचा डबा धाकट्याचा हात पोहोचणार नाही इतक्या उंच, शक्यतो कुलपात ठेवा, कारण लहान मुलाने या गोळ्या चुकून जास्त खाल्ल्या तर ते जिवावर बेतू शकते. किती आठवडे घ्यायच्या आणि पुन्हा रक्त केव्हा तपासायचे, हे सोमवारी तुमच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. हिमोग्लोबिन वर आल्यावरही साठा भरण्यासाठी गोळ्या काही महिने चालू ठेवाव्या लागतात आणि बहुतेक घरांत त्या तेथेच थांबतात.